स्फटिक, बर्फ, चुंबक की संगणक? रोगाचं मूळ शोधायला कोणतं तंत्र शिकावं

प्रोटीनची रचना पाहून रोगाचं मूळ शोधायचं, एवढं पक्कं केलेली मुलं पीएचडीच्या मुलाखतींना निघाली की त्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. क्रायो-ईएमची (नमुना झटकन गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा) लॅब धरावी की क्रिस्टलोग्राफीची (प्रोटीनचे स्फटिक करून त्यांवर एक्स-रे टाकायचे)? एनएमआर (जबर चुंबकात ठेवून रेणू पाहायचे) अजून कोणी घेतं का? आणि संगणकावर प्रोटीनच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्डच्या कर्त्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलात वाटा मिळाल्यावर बाकीचं शिकत बसण्यात अर्थ काय?

माझं मत आधीच सांगते. आधी आजार, मग तंत्र. ज्या आजाराच्या मागे लागायचं आहे त्यात प्रोटीनचं नेमकं काय बिनसतं, हे एका कागदावर लिहून काढा. बहुतेक वेळा चारपैकी दोन तंत्रं तिथेच गळून पडतात. कारण बिघाड एका जातीचे नसतात. कधी एका अमिनो आम्लाच्या, म्हणजे प्रोटीनच्या साखळीतल्या एका मण्याच्या, बदलाने प्रोटीनची घडी ढिली पडते आणि पेशी ते मोडीत काढते. कधी घडी शाबूत राहते, पण अंगावर नको ती चिकट जागा तयार होते. कधी प्रोटीन चालू अवस्थेत अडकून बसतं. आणि कधी मुळात घडीच नसलेलं प्रोटीन एकावर एक रचत जाऊन मेंदूत धागे बनवतं. या सगळ्यांना एकाच चष्म्यातून पाहायला गेलात, तर पाच वर्षं जातात आणि हातात एक सुंदर चित्र उरतं, ज्याचा आजाराशी संबंध शेवटच्या प्रकरणात ओढूनताणून जोडावा लागतो.

सिकलसेल: जिथे सुटं प्रोटीन काहीच सांगत नाही

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार पुस्तकातला नाही, घराघरातला आहे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या हिमोग्लोबिनचा विद्युतभार वेगळा असल्याचं दाखवलं आणि त्याला थेट ‘आण्विक आजार’ म्हटलं. काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅमने फरक नेमका शोधला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. तिकडे केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुत्झ हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर एक्स-रे टाकून त्याचा आकार उलगडत होता. १९६२ चं नोबेल त्याला आणि मायोग्लोबिन या प्रोटीनची रचना सोडवणाऱ्या जॉन केंड्र्यूला मिळालं.

आता गंमत बघा. सिकल हिमोग्लोबिनचा एकच रेणू घेतला आणि निरोगी हिमोग्लोबिनशेजारी ठेवला, तर दोघांची घडी जवळजवळ सारखी दिसते. सहावी जागा प्रोटीनच्या पृष्ठभागावर आहे. आत काहीही मोडलेलं नाही. आजार दिसतो तो दोन रेणू शेजारी आल्यावर. ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेत एका रेणूचं ते व्हॅलिन दुसऱ्या रेणूच्या बीटा साखळीतल्या फेनिलॲलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्या खोबणीत जाऊन बसतं. असे रेणू दुपदरी माळेत लागत जातात, माळांचा चौदा पदरांचा दोर होतो आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. ती खोबण आणि दुपदरी माळ १९७५ मध्ये स्फटिकात दिसली. क्रिस्टलोग्राफीचं नशीब असं, की इथे स्फटिकाने आजाराचीच मांडणी उचलली. सगळीकडे असं होत नाही. बऱ्याचदा स्फटिकात दोन रेणू शेजारी येतात ते निव्वळ दाटीमुळे, आणि नवखा विद्यार्थी त्यालाच जीवशास्त्र समजून बसतो.

हिमोग्लोबिनच्या अमिनो आम्लांचा क्रम अल्फाफोल्डला दिला तर? एका साखळीपुरतं विचारलंत, तर निरोगी आणि सिकल दोघांनाही जवळपास तीच घडी मिळेल. ते उत्तर चूकही नाही, पण तुमच्या प्रश्नाचं नाही.

याच गोष्टीचा पुढचा भागही ठाऊक असावा. रचनेच्या आधारावर व्होक्सेलोटर हे औषध घडवलं गेलं. ते अल्फा साखळीच्या टोकाला असलेल्या व्हॅलिनला चिकटून हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरलेल्या अवस्थेत थांबवतं, म्हणजे ती माळ लागायलाच अडचण. अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण काही रुग्णांमध्ये वेदनेचे झटके आणि मृत्यू यांची आकडेवारी चिंताजनक दिसू लागली होती. रेणूचं गणित चोख होतं. शरीराचं गणित त्याहून मोठं असतं. मुलाखतीत ‘रचना कळली की औषध मिळतं’ असं छातीठोक सांगू नका. समोरचा माणूस हे उदाहरण काढेल.

अल्फाफोल्ड काय देतं, काय देत नाही

फुकट आहे, वेगवान आहे आणि बहुतेक घडीदार प्रोटीनांसाठी थक्क करणारं अचूक आहे. रचनांचा अंदाज बांधण्याच्या २०२० च्या कॅस्प-१४ स्पर्धेत त्याने सगळ्यांना मागे टाकलं, आणि २०२२ च्या जुलैपर्यंत २० कोटींहून जास्त अंदाजित रचना सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. त्या मानाने प्रयोगांतून काढलेल्या रचना साठवणारी प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाली आणि दोन लाखांच्या पुढे जायला तिला २०२३ उजाडलं. पण अल्फाफोल्ड शिकलं ते याच बँकेतल्या रचनांवर, हे विसरून चालणार नाही.

अंदाज पाहताना रंगांवर भुलू नका. प्रत्येक अमिनो आम्लाला शंभरपैकी एक खात्रीगुण दिलेला असतो: ९० च्या वर असेल तर निर्धास्त राहा, ७० ते ९० चालेल, ५० च्या खाली असेल तर तो भाग स्पॅगेटीसारखा लोंबताना दिसतो आणि त्याचा आकार अजिबात मानायचा नाही. बऱ्याचदा तो भाग खरोखरच बेघडीचा असतो, म्हणजे कमी गुण हीसुद्धा माहितीच.

आजाराच्या कामात अडचण येते ती म्युटेशनपाशी. एका अमिनो आम्लाच्या बदलाने प्रोटीन किती ढिलं पडेल हे सांगण्यासाठी हे साधन बनलेलं नाही. तुम्ही बदललेला क्रम द्याल आणि ते तीच घडी छातीठोकपणे परत देईल. त्यासाठी २०२३ मध्ये अल्फामिसेन्स आलं. माणसाच्या प्रोटीनांतल्या शक्य अशा सुमारे ७ कोटी १० लाख एकेरी बदलांना त्याने गुण दिले, आणि त्यातल्या ८९ टक्क्यांना ‘बहुधा घातक’ किंवा ‘बहुधा निरुपद्रवी’ अशा एका बाजूला टाकलं. जनुकतपासणीचा अहवाल हातात असलेल्या डॉक्टरला याचा आधार होतो. पण ‘घातक’ म्हणजे कसं घातक? घडी मोडते, भागीदार सुटतो, की नको तिथे चिकटतं? त्यावर ते गप्प. आणि आण्विक मूळ म्हणजे नेमकं तेच तर शोधायचं आहे.

तरीही, चारही वाटांवर पहिलं पाऊल आता इथूनच पडतं. एके काळी स्फटिकाच्या डेटातून फेज (एक्स-रे लहरींची मोजता न येणारी, पण रचना काढायला लागणारी माहिती) काढण्यात महिने जायचे. आता अल्फाफोल्डचा अंदाज साचा म्हणून वापरून काम भराभर होतं. त्यामुळे ‘हे शिकू की ते’ असा प्रश्न संगणकाबाबत उरलेला नाही. तो सगळ्यांनाच शिकायचा आहे. प्रश्न आहे तो फक्त संगणकावर थांबायचं का, एवढाच.

लहान आणि घट्ट असेल तर स्फटिक

केरॅस हे कर्करोगात वारंवार बिघडणारं प्रोटीन. जेमतेम २१ किलोडाल्टनचं (हे रेणूच्या वजनाचं माप), गुळगुळीत, औषधाने धरायला कुठे कपारच नाही. म्हणून कित्येक वर्षं ‘याला औषध लागूच शकत नाही’ असं मानलं गेलं. २०१३ मध्ये केव्हन शोकाट यांच्या गटाने बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी सिस्टीन आलेला प्रकार घेतला, त्या सिस्टीनला चिकटणारे छोटे रेणू शोधले आणि त्यांच्यासह स्फटिक वाढवले. आधीच्या रचनांत न दिसलेला एक खिसा तिथे उघडलेला होता. २०२१ मध्ये सोटोरासिब बाजारात आलं ते याच खिशाच्या जोरावर.

यात तीन तंत्रांची तुलना आयतीच होऊन जाते. क्रायो-ईएमला एवढं लहान प्रोटीन एकटं दिसत नाही. ५० किलोडाल्टनच्या खाली गेलं की कष्ट वाढत जातात. अंदाज बांधणाऱ्या प्रणालीला बंद खिसा उघडेल हे कळायला तसं काही आधी पाहिलेलं असावं लागतं. आणि औषधाचे पन्नास थोडेथोडे वेगळे रेणू एकेक करून बसवून पाहायचे असतील, तर एकदा बसवलेल्या स्फटिकांइतकं वेगवान अजून तरी काही नाही. सिंक्रोट्रॉनवर (प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) एका स्फटिकाचा डेटा मिनिटांत गोळा होतो. औषध कंपन्या आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या कंत्राटी प्रयोगशाळा अजून क्रिस्टलोग्राफरना घेतात ते यासाठीच. लोक म्हणतात हे तंत्र म्हातारं झालं. मला ते पटत नाही.

अडचण एकच आणि ती मोठी: स्फटिक येतीलच याची हमी कोणी देत नाही. मिलिग्रॅमच्या मापात शुद्ध प्रोटीन, ९६ खणांच्या प्लेटा, आठवडेच्या आठवडे सूक्ष्मदर्शकाखाली डोकावणं, आणि शेवटी सापडतो तो मिठाचा स्फटिक. लोंबती शेपटी असलेली किंवा सतत हलणारी प्रोटीनं बहुधा कापून घ्यावी लागतात, आणि कापलेल्या भागातच आजार असला तर सगळंच मुसळ केरात.

मोठं, पडद्यातलं किंवा धाग्यांचं असेल तर बर्फ

सिस्टिक फायब्रोसिसचं सीएफटीआर प्रोटीन १४८० अमिनो आम्लांचं आणि पेशीच्या पडद्यात रुतलेलं. बहुसंख्य रुग्णांत ५०८ वं फेनिलॲलनिन गायब असतं. क्रिस्टलोग्राफीवाल्यांनी त्यातला तो एक भाग वेगळा काढून २००४-०५ च्या सुमारास सोडवला, तेव्हा दिसलं की फेनिलॲलनिन गेल्याने घडी फारशी बदलत नाही. मग आजार का? तो भाग उरलेल्या प्रोटीनला जिथे टेकतो तो सांधा तुकड्यात दिसणारच नव्हता. रॉकफेलर विद्यापीठात ज्यू चेन यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये झेब्राफिशचं आणि २०१७ मध्ये माणसाचं अख्खं सीएफटीआर क्रायो-ईएमने दाखवलं, तेव्हा तो सांधा अखेर समोर आला.

आयव्हाकाफ्टर हे औषध मात्र २०१२ मध्येच मान्य झालेलं होतं, ढीगभर रेणू चाळून सापडलेलं. ते कुठे बसतं हे क्रायो-ईएमने २०१९ मध्ये सांगितलं. रचना प्रत्येक वेळी पुढे धावते असं नाही. कधी ती नंतर येऊन कारण समजावते, आणि त्या समजावण्यावर पुढचं औषध सुधारता येतं.

पण क्रायो-ईएमने रोगविज्ञानात खरी उलथापालथ केली ती ताऊ प्रोटीनबाबत, असं मला वाटतं. २०१७ मध्ये केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेत मायकेल गोडर्ट आणि स्योर्स शेरेस यांच्या गटांनी अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतून काढलेल्या धाग्यांची रचना सोडवली. प्रोटीन प्रयोगशाळेत बनवलेलं नव्हतं, थेट मेंदूतलं होतं. धाग्याच्या गाभ्यात साखळी इंग्रजी ‘सी’च्या आकारात वळलेली दिसली. पुढच्या तीनेक वर्षांत पिक्स आजार, डोक्याला वारंवार मार बसून होणारी सीटीई, कॉर्टिकोबेसल ऱ्हास यांच्यातले धागे सोडवले गेले, आणि प्रत्येक आजारात त्याच ताऊची घडी वेगळी निघाली. लक्षणांवरून ठरवलेले आजार रेणूच्या पातळीवरही वेगळे असल्याचं असं थेट दिसणं दुर्मीळ. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट २०१९ मध्ये आली: परीक्षानळीत हेपरिन टाकून बनवलेले ताऊचे धागे मेंदूतल्या धाग्यांसारखे नव्हतेच. कित्येक प्रयोगशाळा औषधं तपासायला तेच वापरत होत्या.

ही रचना स्फटिकाने मिळाली नसती, आणि ताऊ एकटं असताना बहुतांशी बेघडीचं असल्यामुळे अल्फाफोल्डही इथे कमी गुणांच्या लोंबत्या दोऱ्या देऊन मोकळं होतं.

क्रायो-ईएमला नमुना खूप कमी लागतो: जाळीवर तीन-चार मायक्रोलिटरचा थेंब, जादा द्रव टिपकागदाने टिपायचा, आणि द्रव इथेनमध्ये झटकन बुडवायचं, म्हणजे पाण्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही आणि ते काचेसारखं गोठतं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात बर्फ कुठे जाड, कुठे पातळ, कण सगळे एकाच कुशीवर पडलेले, निम्मे हवेला लागून मोडलेले. मग लाखो कणांची चित्रं, टेराबाइटांत मोजायचा डेटा आणि त्याला पुरे पडणारी ग्राफिक कार्डं.

हलणारं असेल तर चुंबक

एनएमआरला लोक लवकर निकालात काढतात. पार्किन्सनमधलं अल्फा-सिन्युक्लिन घ्या: १४० अमिनो आम्लं, पाण्यात ठरावीक घडी नाही. अल्फाफोल्डच्या साठ्यात त्याची लांब हेलिक्स (मळसूत्रासारखी वळी) दिसते, जी साधारण पडद्याला चिकटल्यावरच्या अवस्थेची आठवण करून देते. मोकळ्या द्रावणात ते सतत रूप बदलत असतं, आणि असं वळवळणारं प्रोटीन प्रत्येक अमिनो आम्लागणिक पाहायचं, तर एनएमआरला जोड नाही. नायट्रोजन-१५ या नायट्रोजनच्या जड रूपाने भारलेलं प्रोटीन घेतलं की प्रोलिन सोडून जवळपास प्रत्येक अमिनो आम्लाचा आलेखावर एकेक ठिपका मिळतो; औषध टाकलं आणि कोणते ठिपके सरकले हे पाहिलं, की कुठे चिकटलं ते कळतं. पूर्ण रचना काढायचीही गरज पडत नाही. मर्यादा आकाराची आहे (३०-४० किलोडाल्टनच्या पुढे युक्त्या लागतात) आणि खर्चाची: भारलेलं ग्लुकोज महाग, चुंबक थंड ठेवणारं हेलियमही महाग.

घाईत असलेल्यांसाठी

| तंत्र | कुठे जमतं | काय खातं |
|---|---|---|
| क्रिस्टलोग्राफी | लहान-मध्यम, घट्ट प्रोटीन. औषध कुठे बसतं | मिलिग्रॅमभर प्रोटीन आणि संयम |
| क्रायो-ईएम | मोठी संकुलं, पडद्यातली प्रोटीनं, धागे | यंत्रावरचा वेळ, साठवण, संगणन |
| एनएमआर | लहान, हलती, बेघडीची प्रोटीनं | भारलेला नमुना, गणिती डोकं |
| अल्फाफोल्ड आणि कंपनी | पहिला अंदाज, साचा, कोणता प्रयोग करावा ते ठरवणं | जवळजवळ काही नाही. म्हणूनच गर्दी |

यंत्र कुठे आहे, हे आधी विचारा

कुलाब्याला टीआयएफआरमध्ये उच्च-क्षेत्र एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे. इंदूरला आरआरकॅटमध्ये इंडस-२ हा आपला सिंक्रोट्रॉन आहे आणि त्यावर प्रोटीन क्रिस्टलोग्राफीसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राची बीमलाइन (एक्स-रे वापरण्याचं ठाणं); मुंबईहून रात्रभराची गाडी. क्रायो-ईएमसाठी बंगळुरूच्या एनसीबीएसच्या आवारात राष्ट्रीय सुविधा आहे आणि पवईलाही आयआयटीत सोय झाली आहे. पुण्यात आयसर, एनसीएल, एनसीसीएस आणि खारघरला ॲक्ट्रेक इथे या विषयाचं काम चालतं. संगणनासाठी आयसर पुण्यातला परम ब्रह्म आहे.

पण यंत्र देशात असणं आणि तुमची पाळी येणं यात अंतर असतं. स्फटिक गोठवून द्रव नायट्रोजनच्या कोरड्या पिंपातून परदेशातल्या सिंक्रोट्रॉनवर पाठवता येतात आणि डेटा घरबसल्या गोळा करता येतो. म्हणून लहान विद्यापीठातल्या लॅबलाही क्रिस्टलोग्राफी परवडते. मोठ्या यंत्रावर क्रायो-ईएमचा वेळ मात्र रांगेत उभं राहून मिळतो, आणि जाळी खराब निघाली की रांग पुन्हा पहिल्यापासून.

मग कोणी काय धरावं

हात प्रोटीन बनवण्यात रमत असतील आणि पुढे औषध कंपनीत जायचं असेल, तर क्रिस्टलोग्राफी धरा, मैत्रिणी कितीही क्रायो-ईएमच्या गोष्टी सांगोत. मेंदूचे आजार, पडद्यातली प्रोटीनं, मोठी संकुलं यांची ओढ असेल तर क्रायो-ईएम; पण ज्या गटाला यंत्रावर नियमित वेळ मिळतो त्याच गटात. भौतिकशास्त्र आवडत असेल, समीकरणांची भीती वाटत नसेल, तर एनएमआर. तिथे गर्दी कमी आहे आणि बेघडीच्या प्रोटीनांचे प्रश्न खूप शिल्लक आहेत.

फक्त संगणकावर काम करायचं असेल तर मी अडवणार नाही, एक अट घालेन: ज्यांच्याकडे पिपेट आहे अशा एखाद्या गटाशी जोडलेलं राहा. अंदाज खोटा पडण्याची सोय नसेल, तर तुम्ही म्युटेशनची चित्रं रंगवत बसाल. नाहीतर अंदाजांच्या पद्धतीच सुधारायच्या, ही वेगळी वाट आहे आणि त्याला भरपूर गणित लागतं.

मुलाखतीला गेलात की यंत्राचं नाव आणि किंमत ऐकून हुरळू नका. तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहाला न्या आणि विचारा: प्रोटीन सोल्युबल येतं का, एका लिटर कल्चरमागे किती मिळतं, आणि शुद्धीकरणाच्या कॉलमवर त्याचं एकच शिखर दिसतं की चार? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं पडेल चेहऱ्याने आली, तर चौथ्या प्रश्नाला, म्हणजे रचना कोणत्या तंत्राने काढणार याला, तूर्त अर्थ नाही. आणि त्याने नुसतंच ‘अजून क्लोनिंग चालू आहे’ (म्हणजे प्रोटीन बनवायची तयारीच चालू आहे) म्हटलं, तर चहाचे पैसे तुम्ही द्या.